कितीपैकी किती?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत आजारांबद्दल कमी आणि आजारांविषयीच्या माहितीबद्दल जास्त विचारलंय. कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, कोणाचं ऐकायचं, कशाला घाबरायचं. मी ओपीडीत बसते आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना संख्याशास्त्रही शिकवते, त्यामुळे हे प्रश्न मला अगदी जवळचे आहेत. पाच पत्रं निवडली आहेत. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३१. दोन वर्षांपासून गर्भनिरोधक गोळ्या घेते. मागच्या आठवड्यात बहिणीने एक व्हिडिओ पाठवला. या गोळ्यांमुळे पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असं त्यात एक डॉक्टरच सांगत होते. मी त्याच रात्री गोळी बंद केली. पाकीट अर्धं शिल्लक आहे. बरोबर केलं ना?

त्या डॉक्टरांनी खोटं सांगितलं, असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी अर्धंच सांगितलं. दुप्पट म्हणजे कितीचे किती झाले, हे व्हिडिओत होतं का? तुमच्या पत्रात तरी ते नाही, आणि तुमचा सगळा निर्णय त्या एका शब्दावर उभा आहे.

हे तुमच्या एकटीच्या बाबतीत घडलेलं नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना इशारा दिला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट होतो. बातमी देशभर पसरली. मूळ आकडे असे होते : जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांमागे एकीला गुठळी, नव्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांमागे दोघींना. वाढली ती एक. पण छापून आलं ‘दुप्पट’, आणि हजारो स्त्रियांनी गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. ज्या गुठळीच्या भीतीने गोळी सोडली, तिचा धोका गरोदरपणात गोळीपेक्षाही जास्त असतो, हे मात्र फारसं कोणी ठळक छापलं नाही. विद्यार्थ्यांना हा प्रसंग सांगताना मला अजूनही चीड येते. त्या स्त्रियांची नाही, अर्धा आकडा हातात देणाऱ्यांची.

आता आकडे पूर्ण सांगते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये दिलेले आहेत. वर्षभरात दहा हजार स्त्रियांमागे गुठळी किती जणींना होते? गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्यांत १ ते ५. संयुक्त, म्हणजे दोन संप्रेरकं असलेली गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९. गरोदरपणात ५ ते २०. बाळंतपणानंतरच्या बारा आठवड्यांत त्याच हिशेबाने ४० ते ६५. या चार ओळी एकाखाली एक लिहून काढा आणि मग तो व्हिडिओ पुन्हा बघा.

तुम्ही घाईत निर्णय का घेतला, याचं उत्तरही तुमच्या पत्रातच आहे. माहिती बहिणीकडून आली, बोलणारा माणूस डॉक्टर होता आणि वेळ रात्रीची होती. शेली चायकन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० मध्ये मांडलं, की समोर आलेली माहिती आपण दोन वाटांनी तोलतो. एक वाट सावकाश, मुद्दा न् मुद्दा तपासत जाणारी. दुसरी झटपट, ‘सांगणारा कोण आहे’ यावरच पुष्कळसं ठरवणारी. विषय अनोळखी असला, अंगात थकवा असला की आपण दुसरी वाट धरतो. तिच्यात मूर्खपणा काही नाही. दिवसभरात कानावर पडणारी प्रत्येक गोष्ट मुळापासून तपासत बसलो तर दुसरं काही होणारच नाही. शिवाय पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलंय, की धोक्याचा अंदाज करताना माणूस आधी भावनेकडे बघतो. एखाद्या गोष्टीची धास्ती बसली की तिचा धोका मोठा आणि फायदा लहान वाटायला लागतो. तुमच्या गोळीचा फायदा त्या रात्री तुमच्या मनात आला होता का? बहुधा नसावा.

तेव्हा ‘बरोबर केलं ना’ याचं माझं उत्तर आहे : बंद करण्याआधी विचारायला हवं होतं, आणि अजूनही विचारता येईल. पाकीट मधेच सोडल्यामुळे सध्या तुम्हाला संरक्षण नाही. तोवर दुसरं साधन वापरा, आणि मधल्या दिवसांत संबंध आला असेल तर डॉक्टरांकडे उद्याच जा. त्यांना चार गोष्टी न विचारता सांगा : तुम्ही सिगारेट ओढता का, तुम्हाला किंवा आई-वडील-भावंडांपैकी कोणाला पूर्वी गुठळी झाली होती का, रक्तदाब वाढलेला आहे का, आणि अर्धशिशीच्या आधी डोळ्यांसमोर चमकतं का. यातलं काही असेल तर वरचे सरासरी आकडे तुमचे नाहीत, आणि कदाचित दुसरं साधनच योग्य ठरेल. आणि एकच पाय सुजून दुखायला लागला किंवा एकाएकी धाप लागली, तर गोळी चालू असो वा बंद, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

प्रश्न : बाळ आता लशीच्या वयाचं झालंय. गोवराच्या लशीसाठी त्याला घेऊन गेले आणि दारातून परत आले. लस दिली आणि काही झालं तर ते मी केलं असं होईल. नाही दिली आणि गोवर झाला, तर निदान माझ्या हाताने तरी झालं नसेल. हा विचार चुकीचा आहे हे कळतं, पण पाऊल उचलत नाही. (एक आई)

तुम्ही लिहिलंय ते बहुतेक लोक स्वतःशीसुद्धा कबूल करत नाहीत. म्हणून आधी तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार.

इलाना रिटोव्ह आणि जोनाथन बॅरन यांनी १९९० मध्ये लोकांना एक काल्पनिक प्रश्न विचारला. एका साथीत दहा हजारांपैकी दहा मुलं दगावणार आहेत. लस त्यापासून वाचवते, पण लशीनेही काही मुलं दगावू शकतात. किती धोका असला तर तुम्ही लस द्याल? हिशेबाने पाहिलं तर दहाहून कमी असलेला कुठलाही आकडा मुलाच्या भल्याचा. तरीही लशीचा धोका त्याहून पुष्कळ कमी असल्याशिवाय ती द्यायला अनेक जण तयार नव्हते. आपल्या कृतीने झालेलं नुकसान मनाला जास्त टोचतं, कृती न केल्याने झालेलं कमी टोचतं. मुलाच्या शरीराला मात्र हा फरक कळत नाही.

आणि नंतर खरंच कमी टोचतं का? अमेरिकेचा नेता आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन याचा चार वर्षांचा मुलगा १७३६ मध्ये देवीने गेला. त्याला त्या काळची टोचणी दिलेली नव्हती. फ्रँकलिनने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की ती न दिल्याचा आपल्याला फार काळ कडवट पश्चात्ताप होत राहिला. टोचणी दिल्यावर मूल गेलं तर स्वतःला माफ करता येणार नाही म्हणून थांबलेल्या आई-वडिलांसाठी त्याने हे मुद्दाम लिहिलं : पश्चात्ताप दोन्हीकडे सारखाच, मग जे जास्त सुरक्षित तेच निवडावं. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीची टोचणी आजच्या लशीपेक्षा कितीतरी धोक्याची होती, तरी हे म्हणणारा तो बाप होता. तुमच्या पत्राला याहून नेमकं उत्तर मला सुचत नाही.

आकडे थोडक्यात. गोवर झालेल्या हजार मुलांमागे साधारण एकाच्या मेंदूला सूज येते. न्यूमोनिया वीसातल्या एकाला होऊ शकतो. गोवर-गालगुंड-रुबेला या एकत्र लशीनंतर ताप येऊ शकतो. त्या तापात झटका येणं तीन-चार हजार मुलांत एखाद्याला होतं; बघताना भीती वाटते, पण ते मूल सहसा पूर्ण बरं होतं. जिवावर बेतेल अशी अ‍ॅलर्जी दहा लाखांत एखाद्याला येते, आणि तिच्यावरचं औषध लस देणाऱ्यांच्या हाताशी असतं; म्हणूनच लशीनंतर थोडा वेळ थांबवून घेतात. ऑटिझमची शंका १९९८ मध्ये ज्या शोधनिबंधाने पसरवली त्यात बारा मुलं होती, आणि तो निबंध २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. डेन्मार्कमध्ये २०१९ साली साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त आढळला नाही.

तरीही लशीनंतर आजारी पडलेल्या एका मुलाची गोष्ट तुमच्या मनातून जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्या मुलाला चेहरा आहे, रडणारी आई आहे. लस घेतल्यामुळे ज्या मुलाला गोवर झालाच नाही त्याची गोष्ट सांगायला कोणाकडे काही नसतं. ते मूल नुसतं खेळत असतं. पुढच्या वेळी एकट्या जाऊ नका. बाळाच्या बाबांना किंवा आजीला बरोबर न्या, आणि निर्णय घरीच, सगळ्यांनी मिळून घेऊन निघा. तो एकट्या तुमच्या हातावर राहू नये.

प्रश्न : माझे यजमान रोज सिगारेट ओढतात. काही बोललं की म्हणतात, माझे आजोबा ओढायचे आणि नव्वद वर्षं जगले. मी फुप्फुसांचे फोटो दाखवले तर उठून जातात. काय करू?

फोटो दाखवणं थांबवा. भीती घातली आणि तिच्यातून बाहेर पडायची वाट दाखवली नाही, की माणूस भीतीचं ओझं उतरवण्यासाठी विषयच बंद करतो. उठून जाणं म्हणजे तेच.

आजोबांबद्दल वाद घालू नका. ते खरंच जगले. पण सिगारेटमुळे लवकर गेलेले लोक नव्वदीत नातवाला मांडीवर घेऊन बसलेले दिसत नाहीत, म्हणून डोळ्यांसमोर आजोबाच येतात. त्यातच नील वाइनस्टाइन यांनी १९८० मध्ये दाखवलेली गोष्ट मिळवा : वाईट ते इतरांना होईल, आपल्याला त्यांच्यापेक्षा कमी, असं बहुतेकांना मनापासून वाटतं.

त्यांना हे सांगा. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचाच धूम्रपानाबाबत १९५१ पासून पन्नास वर्षं मागोवा घेतला गेला. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये निष्कर्ष छापले. आयुष्यभर ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना त्यातली तीन वर्षं परत मिळाली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, तिसाव्या वर्षी जवळजवळ दहाच्या दहा. तुम्ही यजमानांचं वय लिहिलेलं नाही. जे असेल त्याच्यापुढचा आकडा सांगा, आणि त्याच दमात विचारा, ‘सोडण्याच्या औषधांबद्दल डॉक्टरांना भेटायला बरोबर येऊ का?’ बाकीचं त्या दिवशी काही बोलू नका.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सुरू होती. औषधाच्या डब्यातलं पत्रक त्यांनी भिंग लावून वाचलं, त्यात ‘स्नायू दुखणे’ दिसलं, आठवड्याभरात मांड्या दुखायला लागल्या आणि गोळी बंद. मी म्हणतो मनाचे खेळ आहेत. ते म्हणतात, मला दुखतंय. कोण बरोबर?

दुखतंय, हे वडील बरोबर सांगतात. तुम्ही ‘मनाचे खेळ’ म्हणालात की संवाद तिथेच संपतो, म्हणून ते शब्द सोडून द्या.

पण दुखणं गोळीतल्या औषधामुळेच आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी माझ्या फार आवडीची आहे. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले ६० जण घेतले. प्रत्येकाला बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या : चारांत स्टॅटिन, चारांत तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या, चार रिकाम्या. क्रम कसाही. रोज त्रासाला शून्य ते शंभरमध्ये गुण द्यायचे. काहीच न घेण्याच्या महिन्यांत सरासरी ८ गुण आले, औषध नसलेल्या गोळ्यांच्या महिन्यांत १५.४, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. म्हणजे त्रास खरा होता, पण त्यातला बहुतांश भाग गोळी घेतल्याच्या जाणिवेबरोबर आला होता, स्टॅटिनबरोबर नाही. हे निकाल बघून निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

पत्रकातल्या शब्दांचीही एक अडचण आहे. युरोपातल्या नियमांनुसार दुष्परिणाम ‘कॉमन’ लिहिला असेल तर अर्थ शंभरात एक ते दहात एक, आणि ‘रेअर’ म्हणजे दहा हजारांत एक ते हजारात एक. सामान्य माणूस ‘कॉमन’ वाचतो तेव्हा त्याच्या मनात याहून कितीतरी मोठा आकडा येतो. वडिलांना शब्दाऐवजी आकडे वाचून दाखवा. आणि तुलना करताना दोन्ही आकड्यांचा छेद एकच ठेवा. जपानमधल्या एका प्रयोगात (१९९७) लोकांना दहा हजारांत १,२८६ मृत्यू घडवणारा आजार शंभरात २४ मृत्यू घडवणाऱ्या आजारापेक्षा जास्त भयंकर वाटला. पहिला प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास आहे! वरचा आकडा मोठा दिसला की छेदाकडे नजर जात नाही.

वडिलांसाठी एकच छेद घेऊ, दहा हजार. ज्यांना हृदयविकार आधीच झालाय अशा दहा हजार लोकांचं कोलेस्टेरॉल स्टॅटिनने पुरेसं खाली आणून ते पाच वर्षं तसं ठेवलं, तर साधारण हजार जणांचा पुढचा झटका, पक्षाघात किंवा तशी मोठी आपत्ती टळते. स्नायूंचा गंभीर आजार पाच जणांना होतो. मधुमेह पन्नास ते शंभर जणांत नव्याने निघतो. मेंदूत रक्तस्राव पाच ते दहा जणांना. मी काही लपवत नाही, सगळं एका कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा. भिंग लावून पत्रक वाचणारा माणूस हा कागदही नीट वाचेल. असे रुग्ण मला मनापासून आवडतात. त्यांना दटावायचं नसतं, पूर्ण माहिती द्यायची असते.

डॉक्टरांना भेटून रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) तपासून घ्या, मात्रा कमी करता येईल का किंवा दुसरं स्टॅटिन चालेल का ते विचारा. दुखणं फार वाढलं, अशक्तपणा आला किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर मात्र तातडीने जायचं.

प्रश्न : वय ५१. काही त्रास नव्हता, नियमित तपासणी म्हणून मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) केली. फोन आला, ‘काहीतरी दिसतंय, पुन्हा या.’ तारीख पुढच्या आठवड्यात आहे. झोप उडाली आहे. मशीन ९० टक्के अचूक असतं म्हणतात, म्हणजे मला कर्करोग असण्याची शक्यता ९० टक्के आहे का?

नाही. हे आधी वाचा, मग बाकीचं.

माझ्या टेबलावर हजार ठिपके छापलेले कागद असतात, अशाच वेळी रंगवण्यासाठी. समजा हे हजार ठिपके म्हणजे तुमच्यासारख्या, काही लक्षण नसताना तपासणीला आलेल्या हजार स्त्रिया. त्यांतल्या साधारण दहा जणींना खरंच कर्करोग असतो, असं धरू. मशीन ९० टक्के पकडतं, म्हणजे त्या दहांपैकी नऊ सापडतात. उरल्या ९९० निरोगी. त्यांच्यातल्याही सुमारे ९ टक्के, म्हणजे ८९ जणींच्या फोटोत काहीतरी दिसतं आणि त्यांना परत बोलावलं जातं. आता परत बोलावलेल्या सगळ्या मोजा : ९ आणि ८९, एकूण ९८. त्यांत कर्करोग असलेल्या नऊ. म्हणजे अकरांत एक. गणित समजावं म्हणून हे आकडे ठरवून घेतले आहेत. वय आणि मशीनप्रमाणे ते थोडे मागे-पुढे होतात, पण मुद्दा तोच राहतो.

तुम्ही केलेला उलटा अर्थ अनेक डॉक्टरही करतात. गर्ड गिगरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी सुमारे १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना टक्केवारीच्या भाषेत हाच प्रश्न घातला, तेव्हा २१ टक्क्यांनीच बरोबर उत्तर दिलं. ‘हजार स्त्रियांपैकी इतक्या’ अशा भाषेत मांडायला शिकवल्यावर ८७ टक्के बरोबर आले. डॉक्टर तेच होते, प्रश्नही तोच होता. फोनवर तुम्हाला ‘काहीतरी दिसतंय’ म्हणणाऱ्या व्यक्तीने त्याबरोबर ‘परत बोलावलेल्यांपैकी बहुतेकांना काही निघत नाही’ एवढं एक वाक्य म्हटलं असतं, तर तुमची झोप उडाली नसती. ते म्हणणं आमच्या व्यवसायाचं कर्तव्य आहे, असं माझं ठाम मत आहे.

हा हिशेब लक्षण नसलेल्या स्त्रियांचा आहे. हाताला गाठ लागत असेल, बोंडातून रक्त येत असेल किंवा आई-बहिणीला हा आजार झालेला असेल, तर पहिले दहा ठिपके वाढतात आणि उत्तर बदलतं. तसं काही असेल तर फोन करून आधीची तारीख मागा.

आणि अकरांत एक म्हणजे शून्य नाही. म्हणून जायचंच. त्या दिवशी बहुधा वेगळ्या कोनातून फोटो काढतील, सोनोग्राफी करतील, गरज वाटली तरच सुईने तुकडा घेतील. पूर्वी कधी मॅमोग्राफी केली असेल तर त्या फिल्म्स किंवा सीडी आठवणीने बरोबर न्या. आता दिसणारी गोष्ट तेव्हाही तशीच होती का, हे त्यावरून लगेच बघता येतं, आणि पुष्कळदा पुढच्या तपासण्या तिथेच थांबतात.